हवेतला सातबारा कुणाच्या नावावर?

टीव्हीच्या अँटेनासाठी राखलेल्या लहरी हळूहळू मोबाइल इंटरनेटकडे चालल्यात. तुमच्या फोनला रेंज मिळतेय, सरकारी तिजोरीत पैसे पडतायत. मग फुकट टीव्हीचं काय होणार? आणि हे ठरवताना तुम्हाला कुणी विचारलं का?

विक्रोळीत राहत असाल तर एक काम करा. कन्नमवारनगर किंवा टागोरनगरमधली एखादी जुनी, अजून रिडेव्हलपमेंटला न गेलेली बिल्डिंग शोधा आणि तिच्या गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीच्या आसपास एखादा गंजलेला पाइप दिसतो का बघा. नशीब चांगलं असेल तर त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा सांगाडाही सापडेल. तो काय आहे हे आईबाबांना विचारा. पुढची दहा मिनिटं ते बोलत राहतील. एकजण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा खिडकीतून ओरडतोय, ‘आलं का?’, आणि आतून आवाज येतोय, ‘नाही, अजून मुंग्याच दिसतायत!’

तुमच्यापैकी बहुतेकांनी त्या मुंग्या कधी पाहिल्याच नाहीत. पण ज्या लहरींवरून तो टीव्ही दिसायचा, त्या कुठेही गेलेल्या नाहीत. त्या आजही तुमच्या खोलीत आहेत. फक्त त्यातल्या काहींचा मालक बदललाय, काहींवरून भांडण चालू आहे आणि काही अक्षरशः रिकाम्या पडून आहेत. घर बदललं, जमीन विकली की सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढलं हे आपण तपासतो. हवेतल्या या जमिनीचा सातबारा मात्र कुणीच बघत नाही. तोच आज उघडून बघू.

जमीन नेमकी कुठली?

रेडिओलहरींचे पट्टे असतात. टीव्हीच्या यूएचएफ प्रसारणासाठी जगभर जो पट्टा वापरात होता, तो साधारण ४७० ते ८०६ मेगाहर्ट्झचा. या लहरींची लांबी ढोबळमानाने अर्धा मीटर. त्यांचा गुण असा की त्या लांबपर्यंत जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. म्हणून तर एका उंच टॉवरवरून अख्ख्या शहरात चित्र पोचायचं.

आता तुमच्या फोनचं बघा. फाइव्ह-जीचा मोठा भाग ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो. तिथे लहरीची लांबी जेमतेम नऊ सेंटीमीटर. त्यात डेटा प्रचंड मावतो, स्पीड भन्नाट मिळतो. पण दोन भिंती आड आल्या की दम सुटतो. गॅलरीत पाच कांड्या आणि आतल्या खोलीत एक, असा अनुभव तुम्हालाही असेलच. त्यामुळे मोबाइल कंपन्यांना वरचा पट्टा स्पीडसाठी लागतो आणि खालचा पट्टा घराच्या आत पोचण्यासाठी. तो खालचा पट्टा म्हणजे टीव्हीची जुनी जमीन. शहराच्या मध्यावरचा मोक्याचा प्लॉटच म्हणा ना.

जगाला हे लवकर कळलं. टीव्हीचं प्रसारण ॲनालॉग होतं तेव्हा एकच चॅनल यूएचएफमधले ८ मेगाहर्ट्झ अडवून बसायचा. प्रसारण डिजिटल केलं की तेवढ्याच जागेत कितीतरी चॅनल मावतात. मग उरलेली जागा मोकळी होते. या मोकळ्या जागेला ‘डिजिटल डिव्हिडंड’ असं नाव पडलं. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत भारतासह अनेक देशांनी ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झ हा वरचा तुकडा मोबाइलच्या वापरासाठी पुढे केला. आपण ज्याला ‘७०० चा बँड’ म्हणतो, तो हाच.

वरळीचा टॉवर आणि आपली गच्ची

मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला. वरळीचं दूरदर्शन केंद्र आणि तिथला साधारण तीनशे मीटर उंच टॉवर तुम्ही सी-लिंकवरून जाताना पाहिला असेल. विक्रोळीपासून तो सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. त्या एका टॉवरकडे तोंड करून शहरभरच्या गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या. टीव्ही सेट घेतला की काम झालं. नंतर महिन्याचं बिल नाही, रिचार्ज नाही, लॉगिन तर नाहीच.

मग नव्वदीत केबल आली. गच्चीवरच्या अँटेनाला फक्त कावळे विचारू लागले. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबलही डिजिटल झाली आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा ठरला. तो बॉक्स घराघरांनी स्वतःच्या खिशातून घेतला. २०१९ च्या नव्या दरपद्धतीत तर चॅनल निवडायच्या आधीच १३० रुपये अधिक जीएसटी असा ‘नेटवर्क कपॅसिटी फी’चा आकडा बिलावर आला. फुकट असलेली गोष्ट टप्प्याटप्प्याने मासिक खर्चात कशी जाते, याचा हा आपल्या घरातला इतिहास.

इकडे दूरदर्शनच्या टॉवरचं काय झालं? एकेकाळी देशभर चौदाशेच्या वर ट्रान्समीटर होते. गावोगावचे ॲनालॉग ट्रान्समीटर प्रसार भारतीने २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले. सीमाभाग आणि मोक्याच्या ठिकाणचे पन्नासएक सोडून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं. त्यातून वर्षाला साधारण शंभर कोटींचा खर्च वाचेल, असं प्रसार भारतीने तेव्हा सांगितलं होतं. मोर्चा निघाला नाही, हॅशटॅग चालला नाही. बघणारेच उरले नव्हते, त्यामुळे निर्णय चुकीचा होता असंही म्हणता येणार नाही.

पण याच दरम्यान एक गोष्ट घडली होती, जी तुमच्या कानावर बहुधा आलीच नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल टेरेस्ट्रियल सेवा सुरू केली. फोनला एक छोटा डोंगल लावायचा आणि इंटरनेटशिवाय दूरदर्शनचे चॅनल फुकट बघायचे, अशी कल्पना. त्याच सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाच जवळपास फुकट मिळायला लागला. डोंगल कोण विकत घेणार? सेवा सुरू झाली, पण ती घराघरात पोचलीच नाही.

लिलावात काय घडलं

आता पैशाची बाजू बघू. ७०० चा बँड पहिल्यांदा लिलावात आला ऑक्टोबर २०१६ मध्ये. देशभरासाठी राखीव किंमत ठेवली एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. एकाही कंपनीने बोली लावली नाही. मार्च २०२१ मध्ये किंमत उतरवली, तरी कुणी फिरकलं नाही. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात किंमत ३,९२७ कोटींवर आली, तेव्हा एकट्या जिओने २२ च्या २२ सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ उचलले. साधा गुणाकार केला तर ३९,२७० कोटी रुपये. नंतर सरकारने याच बँडमधला तुकडा बीएसएनएलला दिला. रेल्वेला ५ मेगाहर्ट्झ त्याआधीच, २०२१ मध्ये, मिळाले होते.

म्हणजे टीव्हीच्या जुन्या पट्ट्याचं वरचं टोक गेलं. आपल्याकडे ते विशेष भरलेलंही नव्हतं. दूरदर्शनचा बराचसा वावर खालच्या भागात, ४७० ते ५९० च्या आसपास. त्यामुळे या सौद्यात कुणाचा टीव्ही बंद पडला असं झालं नाही. उलट घराच्या आत रेंज पोचायला मदतच झाली. हे मान्य करायला हवं.

खरी ओढाताण आता खालच्या भागावर आहे. २०२२ च्या त्याच लिलावात ६०० चा बँडही पहिल्यांदा मांडला होता. त्याला एकही बोली आली नाही. त्याच्याही खाली ५२६ ते ५८२ हा दूरदर्शनच्या वापरातला पट्टा. तो लगेच विकू नका, पण पुढे मोबाइलसाठी मोकळा करण्याची योजना आखा, असं ट्रायने एप्रिल २०२२ च्या शिफारशींत म्हटलं. या पट्ट्यावर प्रसार भारतीचाही डोळा आहे. तो का, हे समजायला आधी एक मॅच बघू.

मॅच एक, प्रती सहा कोटी

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्डकप फायनल. निकालाची आठवण नको, पण एक आकडा लक्षात ठेवा: हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच वेळी ती मॅच बघत होते. विक्रम झाला, बातम्या झाल्या.

आता विचार करा, त्या क्षणी नेटवर्कवर काय चाललं होतं. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला मॅचची स्वतंत्र प्रत जाते. तुम्ही, तुमचा शेजारी आणि खालच्या मजल्यावरचे काका एकच चेंडू बघताय, पण टॉवरवरून तीन वेगळ्या प्रती निघतायत. एखाद्या चाळीत पन्नास फोन चालू असतील तर पन्नास प्रती. प्रत्येकाचा डेटा वेगळा कापला जातो. आणि गर्दी वाढली की गोल चकरी फिरायला लागते.

टीव्हीच्या टॉवरचं गणित याच्या अगदी उलटं. त्याने एकदा सोडलं की दहा जणांनी बघा नाहीतर एक कोटी लोकांनी बघा, टॉवरला फरक पडत नाही. शिवाय कोण बघतंय हेही त्याला कळत नाही. तुमचा नंबर, तुमचं लोकेशन, तुम्ही कुठल्या जाहिरातीवर थांबलात, काहीच नाही. प्रसारण आणि इंटरनेट या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. ‘आता सगळं नेटवर आहे, टीव्हीची काय गरज?’ असं म्हणताना हा फरक सुटून जातो.

मग फुकट टीव्ही मेला का?

अजिबात नाही. तो फक्त टॉवरवरून उतरून उपग्रहावर गेला. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ नावाने चालते. एकदा दीड-दोन हजारांच्या आसपास खर्च करून छत्री आणि बॉक्स घ्यायचा, पुढे महिन्याला शून्य रुपये. सरकारी माहितीनुसार २०१८ मध्ये ३.३ कोटी घरांत असलेली ही सेवा २०२४ पर्यंत अंदाजे ४.९ कोटी घरांत पोचली. सगळीकडे टीव्ही संपत चालल्याची चर्चा आणि हा फुकटवाला टीव्ही मात्र वाढतोय!

क्रिकेटवाल्यांसाठी यात एक गंमत आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी चॅनलला प्रसार भारतीबरोबर वाटून घ्यावं लागतं. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं की हे वाटून घेतलेलं प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या टेरेस्ट्रियल टॉवरवरून आणि त्याच्या स्वतःच्या डीटीएचवरूनच दाखवता येईल. खासगी केबल आणि डीटीएचवरून नाही. म्हणून भारताची मॅच फ्री डिशवाल्या घरात फुकट दिसते आणि केबलचे पैसे भरणाऱ्या घरात तोच दूरदर्शनचा चॅनल लावला तरी दिसत नाही.

मग प्रश्न मिटला की! टीव्ही उपग्रहावर, टॉवरच्या लहरी मोबाइलला, सगळे खूश. पण विक्रोळीत थोडं फिरून बघा, मग दोन अडचणी दिसतील.

पहिली अडचण दिशेची. फ्री डिशचा उपग्रह पूर्वेकडे ९३.५ अंशांवर आहे. मुंबईतून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे करावं लागतं आणि समोर मोकळं आकाश लागतं. पार्कसाइटच्या उतारावर एकमेकांना चिकटून असलेल्या घरांत, किंवा ज्या नव्या टॉवरमध्ये तुमची खिडकी नेमकी वायव्येला उघडते आणि सोसायटी बाहेर छत्री लावू देत नाही, तिथे हे जमणार कसं? टॉवरवरून येणारी लहर आडवी येते, भिंतीत शिरते, लहानशा अँटेनावरही पकडता येते. उपग्रहाचं तसं नाही.

दुसरी अडचण पावसाची. उपग्रहाच्या लहरी फार आखूड असतात, त्या धो धो पावसात विरतात. जोराची सर आली की ‘नो सिग्नल’. गावाला हे चालून जाईल, पण मुंबईत बातम्यांची सगळ्यात जास्त गरज कधी असते? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा फोनही लागत नव्हते, हे घरच्यांकडून ऐकलंच असेल. आपल्याच विक्रोळीत १८ जुलै २०२१ च्या पहाटे मुसळधार पावसात सूर्यनगरला दरड कोसळून माणसं गेली. अशा रात्री मोबाइलचं नेटवर्क गर्दीने तुंबतं, टॉवरची वीज जाते आणि छत्रीला सिग्नल नसतो. सरकारने मोबाइलवर धोक्याचा संदेश धाडण्याची ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणा उभी केलीय, २०२३ मध्ये चाचणीचा तो कर्कश भोंगा तुमच्या फोनवरही वाजला असेल. ती चांगली आहे, गर्दीत अडकत नाही. पण ती चार ओळींचा मजकूर देते. कुठला रस्ता बंद आहे, पाणी कुठवर आलंय, लोकल चालू आहेत का, हे सतत सांगत राहायला प्रसारणच लागतं.

टीव्ही थेट फोनवर?

इथे येतो डीटूएम, म्हणजे ‘डायरेक्ट टू मोबाइल’. टीव्हीच्या टॉवरवरून निघालेली लहर थेट फोनने पकडायची. सिम नको, डेटा नको. एफएम रेडिओ जसा फोनवर लागायचा, तसाच टीव्ही. या कामात आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स ही भारतीय कंपनी पुढे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव अपूर्व चंद्रा यांनी जाहीर केलं की १९ शहरांत याच्या चाचण्या होतील आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ हा पट्टा त्यासाठी राखून ठेवावा असा जोर लावला जाईल. त्यांचा हिशेब असा: देशातल्या साधारण २८ कोटी घरांपैकी आठ-नऊ कोटी घरांत टीव्हीच नाही, पण फोन आहे. आणि व्हिडिओचा २५-३० टक्के भार जरी डीटूएमवर गेला, तरी फाइव्ह-जीचं नेटवर्क मोकळं होईल.

मोबाइल कंपन्यांना हे पटलेलं नाही. त्यांचा मुद्दा सरळ आहे. आम्ही लहरी लिलावात हजारो कोटींना घ्यायच्या आणि तुम्ही तशाच लहरी लिलावाशिवाय घेऊन आमच्याच ग्राहकाला व्हिडिओ दाखवणार, हा कुठला न्याय? हँडसेटवाल्यांची तक्रार वेगळी: फोनमध्ये जादा चिप बसवावी लागेल, फोन महागेल. हे दोन्ही मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. २०१६ चा डोंगल आठवा. लोकांच्या हातात पकडणारं यंत्रच नसेल तर राखून ठेवलेला पट्टा नुसता पडून राहील, आणि मोक्याची जमीन पाडून ठेवणं हेही लोकांचं नुकसानच.

टेकडीपलीकडचा तिसरा मार्ग

लहरी टीव्हीला द्यायच्या की मोबाइलला, एवढ्याच दोन पर्यायांवर चर्चा अडकते. तिसरा पर्याय मात्र विक्रोळीच्या टेकडीपलीकडे, पवईत शोधला गेला होता. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या दूरदर्शन ट्रान्समीटरचा हिशेब मांडला. ४७० ते ५९० मध्ये ८-८ मेगाहर्ट्झच्या १५ जागा होतात. त्यातल्या किमान १२ जागा देशात जवळपास सगळीकडे रिकाम्या आहेत, असं त्यांच्या अभ्यासात निघालं. या रिकाम्या जागांना ‘व्हाइट स्पेस’ म्हणतात.

ते कागदावर थांबले नाहीत. पालघर जिल्ह्यातलं खामलोली हे गाव आणि आसपासच्या पाड्यांत त्यांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाखाली याच रिकाम्या टीव्ही-लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. झाडी, चढउतार, मध्ये टेकाडं. पण टीव्हीची लहर ती ओलांडते, म्हणून जमलं. २०१७ मध्ये या प्रकल्पाने मोझिलाची ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धा जिंकली. करंदीकर पुढे आयआयटी कानपूरचे संचालक झाले. डीटूएमचं कामही तिथेच वाढलं. म्हणजे टीव्हीच्या पट्ट्यात इंटरनेट चालवणं आणि त्याच पट्ट्यातून फोनवर टीव्ही नेणं, दोन्ही प्रयोग आपल्याच घरचे.

याचा अर्थ काय? पट्टा एकाच्याच नावावर चढवायची सक्ती नाही. जिथे टीव्हीचा सिग्नल आहे तिथे टीव्ही, जिथे जागा रिकामी तिथे इंटरनेट. एका शेतात दोन पिकं घेतात, तसं. पण आपल्याकडे हा प्रकार प्रायोगिक परवान्यांपुढे फारसा सरकला नाही. शंभर टक्के जमीन लिलावाची वाट बघत पडून राहिली तरी चालेल, पण वाटून वापरायची नाही, असा हा कारभार.

विकणारे आधी काय करतात

अमेरिकेने टीव्हीच्या लहरी विकल्या, तीही दोनदा. पण कशा, ते बघण्यासारखं आहे. १२ जून २००९ ला तिथे मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रसारण बंद झालं. त्याआधी सरकारने प्रत्येक घराला कन्व्हर्टर बॉक्ससाठी ४० डॉलरची दोन कुपनं देऊ केली, म्हणजे जुना टीव्ही असलेलं घर अंधारात राहू नये. पुढे २०१७ मध्ये संपलेल्या लिलावात ६०० चा बँड १९.८ अब्ज डॉलरना गेला आणि त्यातले दहा अब्जांच्या वर जागा सोडणाऱ्या टीव्ही केंद्रांना मिळाले. उरलेल्या केंद्रांना खालच्या पट्ट्यात नव्या जागा दिल्या. फुकट टीव्ही तिथे आजही अँटेनावर दिसतो. युरोपीय संघाने तर ४७० ते ६९४ हा भाग निदान २०३० पर्यंत प्रसारणासाठी राखायचं ठरवलंय. दोघांचे मार्ग वेगळे, पण विकण्याआधी ‘बघणाऱ्याचं काय?’ हा प्रश्न दोघांनीही टेबलावर ठेवला.

आपल्याकडे तो प्रश्न विचारायचा अधिकार तुमच्याकडे आहे, आणि हे भाषणातलं वाक्य नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्याच एका वादात, ‘हीरो कप’च्या प्रक्षेपणावरून, निकाल देताना स्पष्ट म्हटलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २०१२ मध्ये टू-जीचे १२२ परवाने रद्द झाले, तेव्हाही लोकांची ही संपत्ती कशी वाटायची हाच मुद्दा होता. सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे. सरकार सांभाळणारं, कंपनी भाडेकरू.

मग मालकाने काय मागायचं? ‘लहरी विकूच नका’ असं म्हणण्यात अर्थ नाही. चांगली रेंज तुम्हालाही हवीय. पण तीन अटी घालता येतात. एक, खालच्या पट्ट्यातला एक तुकडा कायम असा ठेवा, जिथे येणारी गोष्ट बघायला बिल, सिम आणि लॉगिन लागणार नाही. मग ती टीव्हीवर येवो की फोनवर. दोन, लिलावाच्या पैशातला काही वाटा ती गोष्ट पकडणारं स्वस्त यंत्र घराघरात पोचवायला वापरा, नाहीतर पुन्हा डोंगलची गत. तीन, जो तुकडा पाच-पाच वर्षं कुणी घेत नाही, तो गावांना, शाळांना, स्थानिक नेटवर्कना वापरू द्या.

हे सांगायचं कुठे? कुठलाही मोठा लिलाव होण्याआधी ट्राय एक सल्लामसलतीचा कागद आपल्या वेबसाइटवर टाकते आणि कुणाकडूनही लेखी मतं मागवते. त्यानंतर खुली चर्चाही होते. तिथे ढीगभर पानं पाठवतात त्या मोबाइल कंपन्या, ब्रॉडकास्टर आणि त्यांच्या संघटना. विक्रोळीतून, पालघरातून, होस्टेलच्या खोलीतून आलेलं पत्र तिथे क्वचितच दिसतं. एका पानाचं, तुमच्या घरात टीव्ही कसा येतो आणि पावसात काय होतं एवढंच सांगणारं पत्रही त्या फाइलमध्ये लागतं. पुढच्या वेळी ६०० च्या बँडचा कागद निघाला की दोन मित्रांना घेऊन बसा आणि तेवढं एक पान लिहून पाठवा.

करून बघा: तुमच्या फोनमधला टीव्हीचा पट्टा

● फोनवर नेटवर्क कुठल्या बँडवर आहे हे दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या. जिओचं फाइव्ह-जी असेल आणि ‘एन२८’ असं दिसलं, तर तुम्ही ७०० च्या बँडवर आहात. म्हणजे टीव्हीच्या जुन्या पट्ट्यावर.

● गॅलरीत एकदा आणि बाथरूममध्ये एकदा बघा. आत गेल्यावर फोन वरच्या पट्ट्यावरून ‘एन२८’ वर उतरला, तर खालच्या लहरींना एवढी किंमत का, हे वेगळं सांगायला नको.

● घरात फ्री डिश असेल तर पुढच्या मोठ्या पावसात चित्र किती वेळ गेलं ते घड्याळ लावून मोजा. ट्रायला पत्र लिहिताना हाच आकडा कामाला येईल.

● आजीआजोबांना विचारा, वरळीच्या दिशेला अँटेना वळवायला किती वेळ लागायचा. त्याचं उत्तर मात्र स्वतःजवळच ठेवा.